आफ्रिकेतील ग्रामीण जिल्ह्याची गरिबी आणि विषमता कशी मोजावी : गोव्यातील अभ्यासकांसाठी टिपण

मलावी, युगांडा, टांझानिया, इथिओपिया, नायजेरिया या देशांतील कौटुंबिक सर्वेक्षणांची मूळ माहिती, म्हणजे घराघराने दिलेली उत्तरे, जागतिक बँकेच्या माहितीसंग्रहात नाव नोंदवून आणि वापराचा हेतू सांगून विनामूल्य उतरवून घेता येते. त्यामुळे ताळगावच्या विद्यापीठात किंवा साखळी, फोंडा, मडगाव येथील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी आफ्रिकेतील एखादा जिल्हा निवडणे आता अवघड राहिलेले नाही. गोव्याचा पूर्व आफ्रिकेशी संबंध जुना असला, तरी तो बहुतांशी नैरोबी, कंपाला, झांझिबार अशा शहरांतील कचेऱ्यांशी आणि दुकानांशी आला. मक्याच्या शेतावर जगणाऱ्या खेड्याशी तो फारसा आला नाही. शिवाय आपल्याकडे गरिबीचे प्रमाणच कमी आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये गोव्यातील ५.०९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, तर मलावीच्या २०१९-२० च्या सर्वेक्षणात तेथील राष्ट्रीय रेषेखालील लोकांचे प्रमाण ५०.७ टक्के निघाले. दोन्ही देशांच्या रेषा वेगळ्या असल्याने हे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, पण अंतर लक्षात यावे. गोव्यातील एखाद्या तालुक्यात काहीशे घरांचा नमुना घेतला तर गरीब घरे बोटांवर मोजण्याइतकी सापडतील आणि खरा प्रश्न ती शोधण्याचा असेल. मलावीच्या ग्रामीण जिल्ह्यात निम्मी वस्ती रेषेखाली असते, म्हणून कोण किती खोल बुडाले आहे हा प्रश्न तिथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

मापनाची सूत्रे पाठ्यपुस्तकाच्या एका पानात मावतात. बहुतेक चुका त्या पानापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, म्हणून या टिपणाचा मोठा भाग त्या आधीच्या कामाला दिला आहे.

उत्पन्न मोजावे की उपभोग

विषयाच्या नावात उत्पन्न असले, तरी आफ्रिकेतील बहुतेक देश गरिबी मोजताना उपभोगाचा आधार घेतात आणि त्याला सबळ कारण आहे. शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा येते, त्यातला मोठा भाग पैशाच्या रूपात येतच नाही आणि पगाराची चिठ्ठी म्हणून दाखवण्यासारखे काही नसते. खाणे मात्र रोजचे असते. उत्पन्न कोसळलेल्या वर्षीही कुटुंब साठवण, उसनवारी, नातेवाइकांची मदत किंवा शेळी विकून आलेला पैसा यांवर उपभोग काही प्रमाणात टिकवून धरते, त्यामुळे एका भेटीत विचारलेला उपभोग राहणीमानाचे अधिक स्थिर चित्र देतो.

उत्पन्नच हवे असेल तर कामाची तयारी वेगळी ठेवावी लागते. प्रत्येक पिकाचे एकूण उत्पादन घेऊन, त्यातील विकलेला, घरी खाल्लेला, बियाणे म्हणून ठेवलेला आणि दुसऱ्याला दिलेला असा सारा माल किमतीत मांडावा, आणि त्यातून खत, बियाणे, मजुरी, भाड्याची जमीन यांचा खर्च वजा करावा. त्यात जनावरांचे उत्पन्न, छोटा धंदा, परगावाहून आलेला पैसा आणि मजुरी मिळवावी. मलावीत दुसऱ्याच्या शेतावर तात्पुरते काम करण्याला ‘गान्यू’ म्हणतात. त्याचा मोबदला कधी पैशात, कधी मक्यात मिळतो आणि ‘तुम्ही नोकरी करता का’ या प्रश्नाला त्याचे उत्तर कधीच येत नाही, म्हणून गान्यूचा प्रश्न नाव घेऊन वेगळा विचारावा लागतो. पीक बुडालेल्या वर्षी काही घरांचे निव्वळ उत्पन्न ऋण निघते. ते चूक समजून खोडू नये, मात्र ऋण आकडे असताना गिनी गुणांकाचा, म्हणजे विषमतेच्या ० ते १ मधल्या मापाचा, नेहमीचा अर्थ लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने ग्रामीण उत्पन्नाच्या अभ्यासासाठी अनेक देशांच्या सर्वेक्षणांतून एकाच साच्यात उत्पन्नाची मांडणी केली आहे. नवा साचा बनवण्याआधी ती पाहावी.

शेताचे क्षेत्र विचारून घेण्याऐवजी शक्य तिथे जीपीएसने मोजावे. युगांडातील माहितीवर झालेल्या अभ्यासात लहान शेतकरी आपले शेत आहे त्याहून मोठे आणि मोठे शेतकरी लहान सांगतात, असे आढळले. ही चूक दोन टोकांना उलट दिशेने होत असल्यामुळे जमिनीची विषमता प्रत्यक्षाहून कमी दिसते.

घर म्हणजे कोण

एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक घर, ही व्याख्या आपल्याला ओळखीची आहे आणि आफ्रिकेतील सर्वेक्षणांतही साधारण हीच वापरतात. पण एका पुरुषाच्या दोन पत्नी वेगवेगळ्या चुलींवर स्वयंपाक करत असतील तर ती दोन घरे धरायची की एक, आणि तो पुरुष कुठल्या घरात मोजायचा, याचा नियम प्रश्नावलीच्या सूचनापुस्तिकेत आधीच लिहिलेला असावा. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत किंवा शहरात गेलेला मुलगा सदस्य धरायचा का, हाही तसाच प्रश्न. आपल्याकडील तारवटीच्या घराचा विचार केला की त्याचे वजन कळते : माणूस वर्षातील बराच काळ बोटीवर असतो, त्याचा पगार घर चालवतो, पण त्याचे जेवण त्या चुलीवर होत नाही. त्याला सदस्य धरले तर दरडोई खर्च उगाच कमी दिसतो. किती महिने घराबाहेर राहिलेल्याला वगळायचे ही मर्यादा प्रत्येक सर्वेक्षणात दिलेली असते; ती तपासल्याशिवाय दोन देशांची तुलना करू नये.

घराचा एकूण उपभोग माणसांवर वाटण्याच्याही दोन रीती आहेत. मलावी साधा दरडोई भाग घेते. केनिया, इथिओपिया, टांझानिया मुलांना प्रौढाचा काही अंश मानून प्रौढतुल्य संख्येने भागतात. मुले जास्त असलेली घरे पहिल्या रीतीत अधिक गरीब दिसतात. माझ्या मते जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्याने दोन्ही रीतींनी गणित करून क्रम बदलतो का ते पाहावे.

खाण्याचे प्रश्न

इथे घाई करणाऱ्याचा सारा अभ्यास वाया जातो. अन्न किती खाल्ले, हे किती दिवसांचे आणि किती पदार्थांची यादी वाचून विचारावे, यावर उत्तर बदलते. टांझानियात सुमारे ४,००० घरांची विभागणी करून आठ वेगवेगळ्या पद्धतींनी उपभोग विचारण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातील प्रत्येकाने देखरेखीखाली ठेवलेली रोजची नोंदवही हा मापदंड मानला, तेव्हा सात दिवसांची आठवण आणि पदार्थांची लांब यादी ही जोडी त्याच्या बरीच जवळ आली, तर छोट्या किंवा ढोबळ यादीने उपभोग कमी भरला. गावे तीच, लोक सारखेच, केवळ विचारण्याची रीत वेगळी, आणि तेवढ्याने गरिबीचे प्रमाण मोठ्या फरकाने वरखाली झाले. भारतालाही हा धडा मिळालेला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नखर्च सात आणि तीस दिवस अशा दोन्ही मुदतींसाठी एकाच घरी विचारला गेला, उत्तरे एकमेकांत मिसळली आणि त्या दशकात गरिबी नेमकी किती घटली यावर दीर्घ वाद झाला. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना आधी दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवाव्यात. आकडे नंतर पाहावेत.

प्रत्येक पदार्थाबाबत तीन उगम वेगळे विचारावे : विकत घेतलेला, घरच्या शेतातला, आणि भेट किंवा मजुरी म्हणून मिळालेला. घरच्या मक्याला त्या गावच्या बाजारातील किंमत लावावी, शहरातील दुकानाची नव्हे. हा भाग गाळला तर जो शेतकरी आपलेच धान्य खातो तो कंगाल ठरतो आणि सारे विकत घेणारा मजूर त्याच्यापेक्षा सुखी दिसतो.

मापांचा प्रश्न याहून किचकट आहे. मलावीच्या खेड्यात कोणी किलोत उत्तर देत नाही. टोमॅटोचा ढीग, पिठाची बादली, शेंगदाण्याची ताटली, भाजीची जुडी अशी उत्तरे येतात. पणजी किंवा म्हापशाच्या मासळीबाजारात वाटा घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको : वाटा आज केवढा, हे हंगामावर, वेळेवर आणि विकणारणीवर अवलंबून असते आणि भाव स्थिर ठेवून वाटाच लहान केला जातो. यासाठी मलावीच्या सर्वेक्षणाने लहान, मध्यम, मोठ्या ढिगांची छायाचित्रे दाखवून उत्तर घेण्याची आणि बाजारात तराजू नेऊन प्रत्येक मापाचे वजन प्रदेशवार नोंदवण्याची पद्धत स्वीकारली आहे. माहिती उतरवून घेताना ही रूपांतराची कोष्टके सोबत घ्यावीत. जिथे वजन अशक्य वाटेल इतके येते, म्हणजे माणशी रोज पाच-सहा किलो पीठ, तिथे बहुधा मापाचे नाव चुकलेले असते.

अन्नाबाहेरच्या खर्चात साबण, रॉकेल, शाळेचा खर्च, औषधे, कपडे धरावेत. लग्न, अंत्यविधी, घरबांधणी असे क्वचित होणारे मोठे खर्च वगळावेत, आणि सायकल किंवा रेडिओची पूर्ण किंमत न घेता तिच्या वर्षभराच्या वापराचे मोल धरावे.

हंगाम

मलावीत मक्याची मुख्य कापणी एप्रिलच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने असतात. कणग्या रिकाम्या, मक्याचा भाव चढलेला आणि शेतात मात्र सर्वांत कष्टाचे काम. मे महिन्यात विचारलेले घर आणि फेब्रुवारीत विचारलेले तेच घर वेगळ्या वर्गात पडू शकते. राष्ट्रीय सर्वेक्षणे म्हणून बारा महिन्यांत पसरलेली असतात. पण एकाच जिल्ह्याचे उपनमुने काढताना त्या जिल्ह्यातील मुलाखती कोणकोणत्या महिन्यांत झाल्या, याचे कोष्टक प्रथम करावे. एका जिल्ह्याच्या बहुतेक मुलाखती कापणीनंतरच्या आणि शेजारच्या जिल्ह्याच्या उपासाच्या महिन्यांतल्या असतील, तर त्यांतील फरकाला जिल्ह्याचा फरक म्हणता येत नाही. स्वतः मुलाखती घेणार असाल आणि एकाच फेरीचे पैसे असतील, तर एक महिना निवडून सर्वत्र त्याच महिन्यात जावे आणि अहवालाच्या शीर्षकातच तो महिना सांगावा.

भाव आणि रेषा

जिल्ह्यातील दोन बाजारांत आणि दोन महिन्यांत भाव वेगळे असतात, म्हणून प्रत्येक घराचा उपभोग त्या ठिकाणच्या, त्या काळच्या भावनिर्देशांकाने भागून एका मापात आणावा. निर्देशांकातील वजने गरीब घरांच्या ताटावरून ठरवावीत. शहरातील ग्राहक किंमत निर्देशांकात मक्याला मिळणारे वजन खेड्यातील ताटाच्या मानाने फार कमी असते.

राष्ट्रीय रेषा बहुधा मूलभूत गरजांच्या खर्चावरून काढतात. आधी गरीब घरे प्रत्यक्ष जे खातात त्याची टोपली घेऊन ठरावीक उष्मांकांची किंमत काढली जाते. इथिओपियात प्रौढामागे रोज २,२०० किलोकॅलरी धरतात, मलावीत माणशी २,४००. मग ज्यांचा खर्च त्या अन्नरेषेच्या आसपास आहे, ती घरे इतर गोष्टींवर किती खर्च करतात ते पाहून तेवढी रक्कम जोडतात. टोपली बदलली की रेषा बदलते. रवांडात २०१०-११ मध्ये ४४.९ टक्के असलेली गरिबी २०१३-१४ मध्ये ३९.१ टक्क्यांवर आली असे जाहीर झाले, पण दरम्यान टोपली नव्याने ठरवली होती, आणि जुन्याच टोपलीला भाववाढ लावली तर घट उरते का, यावर अभ्यासकांत तीव्र मतभेद झाले. अशा देशावर लिहिताना दोन्ही रेषांनी गणित करून दाखवणे हाच सरळ मार्ग आहे.

आंतरराष्ट्रीय रेषा वापरायची असेल तर ती जून २०२५ पासून २०२१ च्या क्रयशक्ती समतेनुसार, म्हणजे सारख्याच वस्तू घ्यायला प्रत्येक देशात किती पैसे लागतात यावरून ठरवलेल्या दरानुसार, माणशी रोज ३ डॉलर आहे. त्याआधी २०१७ च्या समतेनुसार २.१५ डॉलर होती. हे डॉलर बँकेतील विनिमयदराने क्वाचात, म्हणजे मलावीच्या चलनात, बदलू नयेत. त्या वर्षाच्या समतेच्या दराने स्थानिक चलनात आणून पुढे देशांतर्गत भाववाढ लावावी.

गणित

गरिबी घरांची नव्हे, माणसांची मोजावी. त्यासाठी सर्वेक्षणात दिलेल्या घराच्या भारांकाला, म्हणजे नमुन्यातील ते घर किती घरांच्या वतीने उभे आहे त्या आकड्याला, सदस्यसंख्येने गुणावे. गरीब घरे बहुधा मोठी असतात, त्यामुळे हा गुणाकार विसरला की गरिबी कमी दिसते.

१९८४ मध्ये फॉस्टर, ग्रीयर आणि थॉरबेक यांनी मांडलेली तीन मापे एकत्र काढावीत. समजा, रेषा १०० आहे आणि पाच माणसांचा उपभोग ४०, ७०, ९०, १५०, २५० असा आहे. तिघे रेषेखाली, म्हणून गरिबांचे प्रमाण ६० टक्के. तिघांची तूट ६०, ३० आणि १०. ती रेषेने आणि नंतर पाच माणसांनी भागली की दारिद्र्यदरी ०.२० येते. प्रत्येक तुटीच्या अंशाचा वर्ग करून, म्हणजे ०.३६, ०.०९ आणि ०.०१, बेरीज पाचने भागली की तीव्रता ०.०९२. आता सर्वांत गरिबाकडचे १० काढून ९० वाल्याला द्या. आकडे ३०, ७०, १००, १५०, २५० होतात. गरिबांचे प्रमाण ४० टक्क्यांवर घसरते, दरी ०.२० वरच राहते, तीव्रता ०.११६ वर चढते. केवळ पहिला आकडा छापणारा अहवाल सर्वांत गरिबाच्या ताटातून घास काढल्याला प्रगती म्हणेल. जिथे निम्मे लोक रेषेखाली आहेत तिथे योजना रेषेलगतच्या लोकांवर खर्च करण्याचा मोह प्रशासनाला होतोच, म्हणून तिसरा आकडा वगळू नये.

विषमतेसाठी गिनी गुणांक. माणसे चढत्या क्रमाने लावून प्रत्येकाचा उपभोग त्याच्या क्रमांकाने गुणावा आणि बेरीज घ्यावी. पहिल्या उदाहरणात ती २,३०० येते. तिची दुप्पट माणसांची संख्या आणि एकूण उपभोग यांच्या गुणाकाराने, म्हणजे ३,००० ने, भागून त्यातून सहा पंचमांश (माणसे पाच, म्हणून एक अधिक म्हणजे सहा भागिले पाच) वजा केले की ०.३३३ मिळतो. बदललेल्या आकड्यांवर तो ०.३४७ होतो. खऱ्या माहितीत भारांक असल्याने हे हाताने करू नये. आर या मुक्त संगणकीय भाषेतील ‘कन्व्हे’ हे पॅकेज नमुन्याची रचना लक्षात घेऊन गिनी आणि वरची तिन्ही मापे प्रमाण त्रुटीसह देते. उपभोगाचा गिनी बहुधा उत्पन्नाच्या गिनीहून लहान असतो, त्यामुळे मलावीचा उपभोगावरचा आकडा लॅटिन अमेरिकेच्या उत्पन्नावरच्या आकड्याशेजारी ठेवून निष्कर्ष काढणे अयोग्य. श्रीमंत घरे सर्वेक्षकाला दार उघडत नाहीत, ही अडचण खेड्यातही असते; तालुक्याच्या ठिकाणी राहणारे व्यापारी आणि अधिकारी नमुन्यात आले का, ते पाहावे.

जिल्ह्याचा आकडा किती विश्वासाचा

अनेक सर्वेक्षणे प्रदेशासाठी आखलेली असतात, जिल्ह्यासाठी नव्हे. मलावीचे सर्वेक्षण जिल्हा पातळीसाठीही आखलेले आहे, हा त्याचा मोठा लाभ. तरीही मर्यादा आहे. समजा, जिल्ह्यातील २४ गणनाक्षेत्रांतून (जनगणनेसाठी पाडलेल्या लहान विभागांतून) प्रत्येकी १६, अशी ३८४ घरे घेतली आणि गरिबी ५० टक्के निघाली. सुटी घरे मानली तर चूक सुमारे ५ टक्के बिंदू इकडे-तिकडे. पण एका गावातील घरे एकमेकांसारखी असतात. ते सारखेपण ० ते १ या मापावर ०.१ धरले तरी ही मर्यादा जवळजवळ ८ बिंदूंवर जाते. म्हणजे ४९ टक्के आणि ५५ टक्के असलेल्या दोन जिल्ह्यांत कोण अधिक गरीब हे या नमुन्यातून सांगता येत नाही, आणि जिल्ह्यांची क्रमवारी लावून छापणे त्याहून चुकीचे.

जिल्ह्याच्या आत उतरायचे असेल तर सर्वेक्षण आणि जनगणना यांची सांगड घालण्याची पद्धत आहे, जी एल्बर्स आणि दोन लांजाव यांनी २००३ मध्ये मांडली. सर्वेक्षणातील उपभोगाचा संबंध छप्पर, शिक्षण, सदस्यसंख्या अशा, जनगणनेतही असलेल्या गोष्टींशी जोडून जनगणनेतील प्रत्येक घराचा उपभोग अंदाजला जातो. दोन्हीकडे प्रश्न शब्दशः सारखा असावा आणि दोन्हींत फार वर्षांचे अंतर नसावे. मलावीची २०१८ ची जनगणना आणि २०१९-२० चे सर्वेक्षण या दृष्टीने सोयीचे आहेत. वगळलेला भागही पाहावा. नायजेरियाचा २०१८-१९ चा ४०.१ टक्के हा आकडा अशांततेमुळे बोर्नो राज्य सोडून काढलेला आहे, आणि बोर्नोच्या लगतच्या जिल्ह्यावर लिहिणाऱ्याला ही गोष्ट तळटीपेत ढकलता येणार नाही.

प्रत्यक्ष मुलाखतींसाठी जाणाऱ्याने प्रश्नावलीचा सराव सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील वाड्यावर आधी करावा; काजूच्या हंगामातली मजुरी, कुळागरातले घरी वापरलेले नारळ, गृह आधार योजनेचा पैसा हे सारे आपल्या रकान्यांत बसते का, हे तिथे चटकन कळते आणि मावशी-काकांना तासाहून अधिक वेळ बसवून ठेवले की उत्तरे कशी आखूड होत जातात, हेही दिसते. तिकडच्या मुलाखती मात्र तिकडची भाषा बोलणाऱ्या, तिथेच प्रशिक्षण दिलेल्या माणसांनीच घ्याव्यात. गोळा केलेली माहिती इतरांना देण्यापूर्वी नावे, फोन क्रमांक आणि घराचे जीपीएस स्थान काढून टाकावे, आणि गावाचे स्थान द्यायचेच असेल तर मुद्दाम काही किलोमीटर सरकवून द्यावे; कारण लहान गावात तीन पत्नी, एक ट्रॅक्टर आणि पत्र्याचे घर एवढ्या तपशिलावरून माणूस कोण ते शेजाऱ्याला ओळखता येते.